६० लिटरची रकसॅक, काश्मीरचे तलाव आणि एक बकल

बॅग चांगली आहे. तरी तीनच स्टार देतोय, ते हिप बेल्टच्या बकलमुळे.

खिसे किती, रंग कोणते, हे सगळ्यांना माहीत आहे. मार्चमध्ये नागपुरात बर्डीवरून घेतली आणि उन्हाळाभर पहाटे तांदळाच्या थैल्या भरून अंबाझरीला फिरवली, रामटेकचा गड चढवला. नागपूर पडलं ३१० मीटरवर, इथं कितीही घाम गाळला तरी विरळ हवेची सवय होत नाही. पट्टे कुठं काचतात ते मात्र कळतं. पाठ आणि बॅग यांच्यात हवा खेळावी म्हणून दिलेली पाठीची जाळी तेव्हा मला निव्वळ दिखाऊ वाटली होती. वजन मागे ओढतं, असं मित्रांनाही सांगत सुटलो होतो.

जुलैत ‘काश्मीर ग्रेट लेक्स’ या तलावांच्या ट्रेकला गेलो. सोनमर्गहून निचनई खिंड, मग विशनसर, किशनसर हे तलाव. तिथून गडसरची खिंड, साधारण ४,२०० मीटर, या वाटेवरची सगळ्यात उंच. किशनसरच्या वरच्या चढावर ‘टक्’ आवाज आला आणि बकलचा एक दात गेला. हिप बेल्ट सुटला की कमरेवरचं सगळं ओझं खांद्यांवर येतं, तेही जिथं दहा पावलांवर दम लागतो तिथं. पट्ट्याला गाठ मारली. पलीकडे गडसर तलावात बर्फाचे तुकडे तरंगत होते, लोक फोटो काढत होते; मी दोरी शोधत होतो. पुढं लष्कराच्या चौकीवर ओळखपत्र मागितलं. ते बॅगेत, बॅग गाठीत! मागून आलेला अख्खा ग्रुप माझ्या पुढं निघून गेला.

बाकी कामगिरी उत्तम. गंगाबल तलावाशी रात्रभर पाऊस झाला, आतले कपडे कोरडे. रेन कव्हरचा त्यात फारसा वाटा नाही, वाऱ्यानं ते फुगून निघतंच. मी आत जाड पॉलिथिनची मोठी पिशवी घातली होती, तुम्हीही घाला. जाळीबद्दलचं मत मात्र बदललं. नारानागचा उतार हजार मीटरहून जास्त आहे, खाली उकडतं, आणि सोबतच्यांचे शर्ट चिंब असताना माझी पाठ बऱ्यापैकी कोरडी होती.

परत आल्यावर कंपनीला मेल टाकला. उत्तर आलं: हे ‘वेअर अँड टेअर’, वॉरंटीत बसत नाही, तपासायचं असेल तर बॅग धुऊन, बिलासकट, स्वखर्चानं पाठवा. बोटभर प्लास्टिकसाठी अख्खी बॅग कुरिअर! इतवारीतले बॅग शिवणारे काका म्हणाले, “एवढ्यासाठी काहून पाठवता भाऊ? बसा, इथंच होऊन जाते.” खरी गोम त्यांनी दाखवली. बकलची एक बाजू पट्ट्यात शिवून टाकली आहे, म्हणून वाटेत बदलताच येत नाही. दोन्ही बाजूंनी पट्टा ओवून काढता येतो अशी बॅग घेतली, तर सुटं बकल खिशात ठेवून दोन मिनिटांत काम होतं. दुकानात हे आधी बघा, बाकी सगळं नंतर. काकांनी शिवण उसवून नवं बसवलं, ४० रुपये. दिवाळीनंतर चिखलदऱ्याला नेली, बकल जागचं हललं नाही.

हे लिहीत असतानाच कंपनीचं पाकीट आलं. ‘सदिच्छा म्हणून’ फुकट बकल. एक स्टार वाढवणारच होतो, पण पट्टा ३८ मिमीचा आणि बकल पाठवलंय २५ मिमीचं. तीनच राहू द्या.