तळ्याचं पाणी तपासायचं किट: बाटल्या उत्तम, पुस्तिका बाजूला ठेवा

मुलांना परिसंस्था शिकवताना फळ्यावरच्या बाणांपलीकडे काहीतरी हवं, म्हणून हे किट मागवलं. पीएच, अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट, विरघळलेला ऑक्सिजन, शिवाय गढूळपणा मोजायची काळी-पांढरी तबकडी आणि एक चकचकीत पुस्तिका.

पैसे वसूल होतात ते ऑक्सिजनच्या तपासणीत. इथे पट्टी बुडवून रंग बघण्याचा प्रकार नाही, 1888 सालची अस्सल विंक्लर पद्धत आहे. बाटली पाण्याखालीच भरायची, आत एकही बुडबुडा नको. दोन द्रावणं घातली की साका बसतो: ऑक्सिजन असेल तर तपकिरी, अजिबात नसेल तर पांढरा. मग आम्ल घालून पिवळं पाणी, स्टार्चने निळं, आणि तिसऱ्या द्रावणाचे थेंब मोजत मोजत ते निळं घालवायचं; जितके जास्त थेंब, तितका जास्त ऑक्सिजन. वर्गातली सगळ्यात वांड मुलंसुद्धा थेंब मोजताना चुकत नाहीत. आम्ल तीव्र आहे आणि पेटीत हातमोजे नाहीत, हा कंजूषपणा मला पटला नाही.

फॉस्फेटचा निळा रंगही स्वच्छ वाचता येतो. तळं हिरवं का पडतं, याचं उत्तर बरेचदा इथेच असतं. 1973 साली कॅनडातल्या ‘लेक 226’ या तळ्यात मधोमध पडदा घालून शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने दोन्ही बाजूंना कार्बन आणि नायट्रोजन घातलं, फॉस्फरस फक्त एका बाजूला. शेवाळाने भरली ती तीच बाजू. असा प्रयोग सांगायचा सोडून पुस्तिकेत हसणाऱ्या बेडकाचं चित्र आहे!

नायट्रेटची पट्टी मात्र टाकाऊ. शेजारशेजारच्या छटांत फरक कळत नाही, आणि आकडा नायट्रेटचा की त्यातल्या फक्त नायट्रोजनचा, हे कुठेच छापलेलं नाही. या दोहोंत सुमारे 4.4 पटींचा फरक पडतो. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची लिटरला 50 मिलिग्रॅमची मर्यादा नायट्रेट म्हणून आहे; नायट्रोजन म्हणून मोजलं तर ती 11 च्या आसपास येते. एकक माहीत नसताना मुलांनी वहीत काय लिहायचं?

पण खरी तक्रार पुस्तिकेच्या हिरव्या-पिवळ्या-लाल शेऱ्यांची. ऑक्सिजन लिटरला 8 मिलिग्रॅमच्या वर म्हणजे ‘उत्तम’, असं ती सांगते. आता शेवाळाने दाटलेल्या तळ्यावर भर दुपारी जा. प्रकाशसंश्लेषण जोरात चालू असतं. 25 अंशांच्या पाण्यात हवेतून साधारण 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, पण इथे आकडा त्याच्याही वर जाऊ शकतो. म्हणजे सगळ्यात आजारी तळ्याला पहिला नंबर! तेच पाणी पहाटे तपासा. रात्रभर शेवाळ, जिवाणू, मासे सगळेच श्वास घेत असतात, ऑक्सिजन तयार कोणीच करत नाही; आकडा 2 च्या खालीही घसरू शकतो, आणि मासे मरतात ते तेव्हा.

दुपारी आणखी एक गोष्ट होते. शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे पीएच चढतो. 25 अंशांना पीएच 7 असेल तर अमोनियाचा एक टक्काही घातक रूपात नसतो. पीएच 9 ला तो एक तृतीयांशाच्या वर जातो. अमोनियाची बाटली घातक आणि निरुपद्रवी रूपं एकत्रच मोजते, म्हणून दोन्ही वेळा तोच रंग दाखवते. पुस्तिकेने प्रत्येक तपासणीला वेगळं पान दिलंय, आणि परिसंस्था तर या पानांच्या मधेच घडत असते.

जड धातू आणि कीटकनाशकं या किटला दिसत नाहीत. तेवढी अपेक्षाही नव्हती, पण मुखपृष्ठावर ‘संपूर्ण प्रदूषण तपासणी’ लिहायची काय गरज होती?

पाचपैकी साडेतीन तारे. घ्या, पण शेऱ्यांची पानं मुलांना दाखवू नका, आणि प्रत्येक नोंदीपुढे वेळ आणि तापमान लिहून घ्या. स्टार्चचं द्रावण लवकर नासतं, ते फ्रिजमध्ये ठेवा. बाटलीवर ही सूचना नाही.