नवरा खलनायक निघाला, मग रडायचं कुणासाठी?

कादंबरीचं नाव देत नाही. शेवटाबद्दल बोलल्याशिवाय मला हिच्याविषयी धड काही सांगता येणार नाही, आणि रहस्यकथेचं नाव घेऊन तिचा शेवट फोडणं बरं नव्हे. ज्यांनी वाचली आहे ते पुढच्या चार ओळींत ओळखतीलच.

नवरा एकटाच होडी घेऊन जातो. होडी सापडते, तो सापडत नाही. बायको त्याचा फोन नंबर बंद करत नाही, दर महिन्याला बिल भरत राहते. आठ महिन्यांनी त्याच नंबरवरून तिला मेसेज येतो. नवऱ्याचा शोध घेणाऱ्या पथकातला एक पाणबुड्या या मेसेजचा माग काढायला तिला मदत करतो आणि हळूहळू दोघांचं जुळतं.

माझं काम समुपदेशनाचं. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय, अशांसोबत बसायचं आणि बहुतेक वेळ ऐकायचं. रात्री मात्र मी रोमँटिक सस्पेन्स वाचते, कारण त्यात कितीही खून पडले तरी शेवटी दोघं एकत्र येणार याची हमी असते. (सहकारी हसतात. हसू देत.) त्यामुळे या पुस्तकाकडे मी दोन्ही बाजूंनी डोळे वटारून बघत होते.

पहिला अर्धा भाग अप्रतिम आहे. एकच गोष्ट सांगते. नवरा उंच, ही बुटकी. त्याच्या गाडीची ड्रायव्हरची सीट पार मागे सरकवलेली. ही ती गाडी चालवते, पण सीट पुढे घेत नाही; पाठीमागे उशी ठेवते आणि कडेवर टेकून, पाय ताणून कशीबशी ब्रेकपर्यंत पोचते. लेखिका यावर एक वाक्यही खर्च करत नाही की ती असं का करते. उशी फक्त येत राहते, कधी ओली, कधी घसरलेली. मग पाठलागाच्या प्रकरणात, मागून दुसरी गाडी अंगावर येत असताना, तिला ब्रेक पूर्ण दाबता येत नाही. ती सीटखालचा दांडा ओढते, खाड्कन सीट पुढे येते, आणि पळापळीत तिच्या ते लक्षातही येत नाही. लक्षात येतं दुसऱ्या दिवशी, पार्किंगमध्ये. तिथे ती जी कोसळते! सस्पेन्स आणि शोक एकाच दांड्याला बांधलेत. जिच्याशी या पुस्तकाबद्दल बोलले, ती प्रत्येक वाचक सीटवर आलीच.

प्रेत न सापडणं हेही नुसतं कथानकाच्या सोयीसाठी नाही. पॉलिन बॉस या अभ्यासक बाईंनी सत्तरच्या दशकात अशा वियोगाला ‘अ‍ॅम्बिग्युअस लॉस’ म्हटलं. युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांवर त्यांनी काम केलं होतं. माणूस गेला म्हणावं तर पुरावा नाही, आहे म्हणावं तर दारात नाही. अशा घरात रडणंही गद्दारी वाटतं आणि आशा धरणंही वेडेपणा. कादंबरीत सासू मुलाचा ‘होता’ असा उल्लेख ऐकला की उठून आत जाते. दोनच ओळींचा प्रसंग आहे, पण मी अशा सासवा पाहिल्यात.

वाचकांची एक तक्रार सारखी ऐकली: ‘आठ महिन्यांत दुसऱ्याच्या प्रेमात? शोभतं का?’ मला ही तक्रार पटत नाही. रेंगाळलेल्या शोकाला आजार कधी म्हणायचं यासाठी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या 2022 च्या नियमावलीत मोठ्या माणसांकरता किमान 12 महिन्यांची अट आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात 6 महिन्यांची. दोघांत एकमत नाही, आणि दोन्ही अटी निदानासाठी आहेत. प्रेमात पडायला सुतक किती पाळायचं हे त्यात कुणी लिहिलेलं नाही. शोकाबद्दलची स्ट्रोब आणि शूट या अभ्यासकांची 1999 ची मांडणीही सांगते की माणूस हेलकावे खातं: आज गेलेल्याच्या कपड्यांत तोंड खुपसून बसेल, उद्या नवी नोकरी शोधेल, परवा पुन्हा कपाट उघडेल. नायिका पाणबुड्याला हसून निरोप देते आणि घरात शिरून नवऱ्याच्या नंबरवर फोन लावते, हे मला अजिबात विसंगत वाटलं नाही.

खटकली ती भागांची नावं. नकार, संताप, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार, असे पाच भाग पाडलेत. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये हे टप्पे मांडले ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांशी नव्हे. पुढे ते सगळ्यांच्या गळ्यात बांधले गेले. गंमत म्हणजे नायिका त्या चौकटीत बसतच नाही. ‘स्वीकार’ या भागात ती पहिल्यांदा खरी चिडते. लेखिकेची समज चांगली आहे, अनुक्रमणिका उसनी आहे.

आता शेवट. नवरा जिवंत असतो. विम्याच्या पैशांसाठी त्याने स्वतःचं बुडणं रचलेलं, दुसरी बाई, मेसेज त्याचेच, आणि अखेरच्या झटापटीत तो खरोखर बुडतो. नायिका पाणबुड्याच्या मिठीत. दोन पानांत संपलं.

मेलेला जोडीदार वाईट निघाला की नव्या प्रेमाची वाट मोकळी, ही युक्ती या प्रकारात जुनीच. 1938 च्या ‘रिबेका’ या इंग्रजी कादंबरीतही नवऱ्याच्या मेलेल्या पहिल्या बायकोबद्दलचं सत्य कळल्यावरच दुसरीला हायसं वाटतं. पण तिथे शोक करणारा नवरा मुळात शोक करतच नव्हता. इथे मात्र तीनशे पानं आपण एका बाईला खरंखुरं तुटताना बघतो, आणि लेखिका म्हणते, तो नालायक होता, सबब विषय मिटला. ती उशी, ती सासू, ते बिल, सगळं गेलं कुठे? सासूचं तर शेवटच्या भागात नावही नाही. मुलगा एकदा हरवला, मग चोर म्हणून सापडला, मग मेला; त्या बाईवर एक परिच्छेद नको?

आमच्या वाचनगटात यावरून चांगलीच जुंपली. बहुतेकींना शेवट आवडला. ‘सुटली बिचारी’, ‘असाच हवा होता’. तरुण मुली तर टाळ्या वाजवायच्या बेतात. मग जिचा नवरा दारूपायी गेला अशी एक बाई म्हणाली, ‘माझाही काही देव नव्हता. म्हणून मी कमी रडले असं वाटतं का तुम्हाला?’ त्यावर कुणी बोललं नाही. माझ्या अनुभवात, वाईट वागलेल्या माणसाचं जाणं उलट जास्त चिवट असतं. भांडण अर्धवट राहतं, आणि लोक म्हणतात बरं झालं.

पाणबुड्या साधारणच. बोलतो कमी, सुरी छान चालवतो, भूतकाळात एक जखम. या प्रकारातले निम्मे नायक असेच असतात, चालायचंच. खलनायकी नवऱ्याचे संवाद मात्र इतके नाटकी आहेत की झटापटीच्या ऐन वेळी मला हसू फुटलं.

पाचपैकी साडेतीन देईन. साडेतीन पूर्वार्धाला, उत्तरार्धाला फक्त वेगाबद्दल आभार. प्रवासात वाचायला उत्तम, दीडशेव्या पानानंतर खाली ठेवता येत नाही. ज्यांच्या घरी अलीकडे कुणी गेलंय त्यांना भेट म्हणून मात्र देऊ नका, मलपृष्ठावर ‘सावरण्याची कथा’ छापलंय त्याला भुलू नका. आणि कुणी पाण्यात गेलं असेल, तर पाण्याखालच्या शोधाचं प्रकरण सरळ वगळा. त्यात जे कळतं ते पुढच्या प्रकरणाच्या सुरुवातीला पाणबुड्या पुन्हा सांगतोच.