सर्व्हर बसला तेव्हा आलेल्या सर्व्हिसवाल्या भाऊचा रिव्ह्यू

आमच्या वणीकडच्या जिनिंगवर काटा पावत्या, कापसाची आवक, शेतकऱ्यांचं पेमेंट, सारं एकाच पोस्टग्रेस डेटाबेसवर चालते. रविवारी काटा बंद रायते म्हणून महिन्याचं मेंटेनन्स तेव्हाच लावतो. ह्या वेळी व्हॅक्यूम फुल (टेबलातली वाया गेलेली जागा मोकळी करायची कमांड) अर्ध्यात असतानाच सर्व्हर धाडकन बसला, लॉगमधी पॅनिक अन् नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस, म्हणजे डिस्कवर जागाच नाई, परत चालू केला तं परत तेच. सकाळी गाड्या गेटवर लागणार अन् इकडं मालकाचे फोनवर फोन.

सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या कंपनीचा पोट्टा फोनवर काय सांगते, तं पीजी_वॉल फोल्डर लय फुगलं, जुन्या फाइली उडवून टाका. म्हटलं थांब बाप्पा, अन् तालुक्याच्या मार्केटातल्या एका रिपेअरिंगवाल्या भाऊले बोलावलं.

ह्या माणसानं आल्या आल्या काहीच दुरुस्त केलं नाई, आमाले हेच आवडलं. आधी बंद सर्व्हरचा अख्खा डेटा फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतला, तेवढ्यातच तासाच्या वर गेला, मालक चिडले तरी हा आपला शांत. मग सांगतलं की वॉलच्या फाइली म्हणजे फालतू लॉग नोहे, कोणताही बदल आधी तिथं लिहिला जाते अन् मग टेबलात, त्या उडवल्या असत्या तं रिकव्हरीच झाली नसती. व्हॅक्यूम फुल टेबलाची नवी कॉपी बनवते, त्याले तेवढी मोकळी जागा लागते, अन् डिस्क तं आधीच गच्च होती. त्याच डिस्कवर पडलेले जुने बॅकअप त्यानं हलवले, सर्व्हिस चालू केली, अन् लॉगमधी ऑटोमॅटिक रिकव्हरी इन प्रोग्रेस. थोड्या वेळानं शनिवारची शेवटची काटा पावती स्क्रीनवर आली, वजनासकट.

पण वॉल फुगलं काहून, हे त्यानं शोधूनच सोडलं. कंपनीनं मागं नागपूरच्या ऑफिसात कॉपी जावी म्हणून रेप्लिकेशन स्लॉट (त्या कॉपीसाठी वॉल राखून ठेवायची नोंद) केला होता, तिथली मशीन कवाच निघाली, स्लॉट मात्र तसाच. पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स पाह्यलं तं ॲक्टिव्हखाली नुसतं एफ, म्हणजे वापरातच नाई. कोणी घ्यायलेच येत नाही तरी पोस्टग्रेस त्याच्यासाठी वॉल जपून ठेवते. स्लॉट काढला, चेकपॉइंट (राहिलेले बदल टेबलात लिहून घ्यायची कमांड) मारला, फोल्डर झरझर खाली आलं. आमचं व्हर्जन 13 च्या वरचं हाय म्हणून स्लॉटसाठी जास्तीत जास्त किती वॉल ठेवायचं, ती मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइजची लिमिटही लावून देली, अन् दर महिन्याले व्हॅक्यूम फुल कशाले करता, ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे आपोआप होणारी साफसफाई, नीट ठेवा, असं म्हणून गेला.

पैसे वाजवी घेतले, पण जीएसटीचं बिल मागून मागून थकलो, अन् संध्याकाळनंतर फोन उचलन याचा भरवसा नाही. डेटाबेस बसला तं यालेच बोलवा, प्रिंटरचं काम मात्र देऊ नका, त्यात त्याचं मनच लागत नाही.