शेपूट कापलेलं पिल्लू की अख्ख्या शेपटीचं? बुकिंग करायच्या आधी वाचा

डोबरमन, रॉटविलर, बॉक्सर, कॉकर स्पॅनियल, श्नाउझर, यातलं एखादं पिल्लू घ्यायचं ठरलं की आपण विचारतो नर की मादी, रंग कुठला, आईबाप बघायला मिळतील का, आणि शेपटीचा विषय आपल्या डोक्यात येतो तोवर तो निकालात निघालेला असतो. कारण टेल डॉकिंग, म्हणजे शेपूट कापणं, साधारण पिल्लू तीन ते पाच दिवसांचं असताना करतात, तेव्हा त्याचे डोळेसुद्धा उघडलेले नसतात, आणि आपण बघायला जातो काही आठवड्यांनी. तेव्हा तुमचं जे काय मत असेल ते पिल्लं जन्मायच्या आधी ब्रीडरच्या कानावर घालायला लागतं. माझा पहिला बॉक्सर घरी आला तेव्हा मला हे माहीतच नव्हतं, मला वाटायचं बॉक्सरला जन्मतःच तेवढंसंच शेपूट असतं. आता जी बॉक्सर आहे तिला अख्खं शेपूट आहे. त्यामुळे दोन्हींसोबत राहून झालंय, आणि माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे हे आधीच सांगते, पण दुसऱ्या बाजूचा जो मुद्दा खरा आहे तो मी लपवणार नाही.

आधी कापतात कसं ते. दोन पद्धती आहेत. एक म्हणजे कात्री किंवा ब्लेडने सरळ कापायचं, कधी टाका घालतात कधी नाही. दुसरी, शेपटीला घट्ट रबरबँड बांधायचा, मग रक्तपुरवठा बंद होऊन पुढचा भाग सुकतो आणि काही दिवसांत गळून पडतो. इतक्या लहान पिल्लाला पूर्ण भूल देणं धोक्याचं, म्हणून बहुतेक वेळा भूल न देताच करतात. मी एकदा ओळखीच्यांकडे हे समोर बसून बघितलंय. टॉवेलवर सात पिल्लं, आईला शेजारच्या खोलीत कोंडलेलं, एकेकाला हातात घेतलं की एक तीक्ष्ण किंकाळी आणि तो आवाज आला की दाराच्या पलीकडून आईच्या नखांचा खरखर आवाज. सातही वेळा. नंतर आईला सोडलं, पिल्लं लुचायला लागली आणि थोड्याच वेळात झोपली, तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, बघा, काही नाही होत त्यांना.

हे "काही नाही होत" तुम्ही नक्की ऐकाल म्हणून त्यावर जरा थांबते. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात ५० पिल्लांचं डॉकिंग होताना नोंदी ठेवल्या होत्या, कापताना प्रत्येक पिल्लू ओरडलं, सरासरी २४ मोठ्या किंकाळ्या आणि १८ कण्हणं, आणि नंतर सरासरी तीन मिनिटांत ती झोपली. डॉकिंगच्या बाजूचे लोक तीन मिनिटांवर बोट ठेवतात आणि विरोधातले २४ किंकाळ्यांवर. माझ्या मते झोपेवरून दुखत नव्हतं असं म्हणता येत नाही, तान्हं पिल्लू आईला चिकटून दूध प्यायला लागलं की कशातूनही शांत होतं. दुसरा युक्तिवाद असा की त्या वयात नसांवरचं मायलिन नावाचं आवरण तयार झालेलं नसतं म्हणून वेदना कळत नाही. ते आवरण नसलं तर संदेश सावकाश जातो, थांबत नाही, आणि हळू ठणकणारी वेदना वाहून नेणाऱ्या नसांना मोठेपणीही ते आवरण नसतंच. उलट वेदना दाबून धरणारी मेंदूकडून येणारी यंत्रणा नवजात पिल्लात अजून कच्ची असते, म्हणजे त्याला जास्त दुखत असण्याचीच शक्यता.

आता दुसऱ्या बाजूचा खरा मुद्दा, म्हणजे इजा. शिकारीसाठी किंवा शोधकामासाठी काटेरी झुडपात दिवसभर फिरणाऱ्या स्पॅनियल किंवा पॉइंटरचं शेपूट सतत हलत असतं आणि शेंडा फाटतो. शेंड्याला मांस कमी, कातडी पातळ, आणि जखम भरत आली की कुत्रं पुन्हा हलवतं आणि पुन्हा फाटते. आता शिकारीचं सोडा, घरातल्या कुत्र्यालाही हे होतं, त्याला हॅपी टेल म्हणतात, नाव गोड आहे पण प्रकार अजिबात गोड नाही. माझ्या बहिणीच्या लॅब्रेडॉरला झालं होतं. अरुंद पॅसेज, कोणी आलं की हा आनंदाने दोन्ही भिंतींवर शेपूट आपटायचा, आणि एक दिवस बघतो तर गुडघ्याच्या उंचीवर दोन्ही भिंतींवर रक्ताचे शिंतोडे, पडद्यावर, चपलांच्या रॅकवर, सगळीकडे. पट्टी बांधली की सटकायची. दीड-दोन महिने तो प्रकार चालला. असं भरलंच नाही तर मोठ्या वयात शेपूट काढायला लागतं, पूर्ण भूल देऊन, गळ्यात ती प्लॅस्टिकची कॉलर घालून, आणि ते तान्हेपणी कापण्यापेक्षा मोठं ऑपरेशन आहे यात शंका नाही.

पण मग प्रश्न असा की हे किती कुत्र्यांना होतं? इथे आकडे बघायलाच पाहिजेत कारण सगळा निर्णय त्यावर आहे. ब्रिटनमध्ये ५२ व्हेट क्लिनिकमधल्या १ लाख ३८ हजारांवर कुत्र्यांचा अभ्यास २०१० मध्ये छापून आला, त्यात शेपटीच्या इजेच्या केसेस २८१ निघाल्या, प्रमाण ०.२३ टक्के. एक इजा टाळायला सुमारे ५०० पिल्लांची शेपटं कापायला लागतील असा त्यांचा हिशोब. दुसऱ्या बाजूला २०१४ मध्ये छापलेला स्कॉटलंडचा सर्व्हे आहे, फक्त शिकारीच्या कामावरच्या २८६० कुत्र्यांचा, त्यात एकाच मोसमात १३.५ टक्के कुत्र्यांना निदान एकदा तरी शेपटीला इजा झाली होती आणि न कापलेल्या स्पॅनियलमध्ये तर ५६.६ टक्के. दोन आकड्यांत एवढी तफावत का, तर पहिल्यात व्हेटकडे नेलेल्या केसेस आहेत आणि सगळ्या प्रकारची घरगुती कुत्री आहेत, दुसऱ्यात मालकांनी स्वतः सांगितलेल्या लहानमोठ्या सगळ्या इजा आणि फक्त कामाची कुत्री. दोन्ही आपापल्या जागी खरे. गडबड तेव्हा होते जेव्हा कोणी सोफ्यावर झोपणाऱ्या कॉकरचं शेपूट कापायला झुडपात पळणाऱ्या कॉकरचा आकडा दाखवतं. आणि एक गोष्ट जिच्याबद्दल फार बोललं जात नाही, त्या २०१० च्या अभ्यासात ज्यांना धोका जास्त दिसला त्यात ग्रेहाउंड, व्हिपेटसारखी सडपातळ कुत्री होती, ज्यांची शेपटं परंपरेने कोणी कापतच नाही, आणि हॅपी टेल झालेला माझ्या बहिणीचा लॅब्रेडॉर, त्या जातीचंही नाही कापत. म्हणजे कुठल्या जातीचं कापायचं हे इजा बघून ठरलेलं नाही, रिवाजाने ठरलंय.

रिवाज तर फारच जुना आहे. रोमन काळात कोलुमेला नावाचा शेतीवर लिहिणारा माणूस होता, त्याचं म्हणणं की पिल्लू चाळीस दिवसांचं झालं की शेपटीचा शेंडा तोडावा म्हणजे ते पिसाळत नाही. रेबीज कशाने होतो हे कळलं, ते कारण गेलं, पण कापणं राहिलं, कारणं बदलत गेली.

आता ज्याच्यामुळे माझं मत बदललं ते म्हणजे कुत्र्याचं बोलणं. माझा पहिला बॉक्सर आनंद झाला की कंबरेपासून सगळा वाकडा व्हायचा, अर्धचंद्रासारखा, लोक म्हणायचे किती गोड, मलाही तेच वाटायचं. पण मोकळ्या मैदानात अनोळखी कुत्री त्याच्याजवळ यायला कचरायची, लांबूनच ताठ व्हायची, आणि मी समजायचे की हाच भांडखोर आहे. कॅनडात दोन संशोधकांनी एक लॅब्रेडॉरएवढा रोबो कुत्रा बनवला होता, एकदा ३० सेंटीमीटरचं शेपूट आणि एकदा ९ सेंटीमीटरचं, कधी हलणारं कधी स्थिर, आणि मोकळी सोडलेली शेकडो कुत्री त्याच्याशी कशी वागतात ते बघितलं. लांब शेपूट हलत असलं तर मोठी कुत्री बिनधास्त जवळ यायची, स्थिर असलं तर कमी. आखूड शेपूट हललं काय न हललं काय, त्यांना फरक कळत नव्हता. २००८ चं काम आहे ते. हे वाचलं तेव्हा माझा कुत्रा जाऊन वर्ष झालं होतं आणि मला फार वाईट वाटलं, तो अकरा वर्षं काहीतरी सांगत होता आणि समोरच्याला ते दिसतच नव्हतं.

आत्ताच्या बॉक्सरकडे बघून मला कळतं तरी, शेपूट वर ताठ झालं की पाच सेकंदांत काहीतरी होणार, पोटाखाली गेलं की फटाका वाजलाय किंवा व्हेटचं दार दिसलंय. २००७ मध्ये इटलीतल्या बारीच्या संशोधनात तर असं दिसलं होतं की मालक दिसला की शेपूट जास्त उजवीकडे हलतं आणि अनोळखी दांडगं कुत्रं दिसलं की जास्त डावीकडे. दोन इंचाच्या थोटकात हे काय दिसणार?

शिवाय थोटकाचं दुखणं. कापलेल्या नसेच्या टोकाला कधीकधी गाठ होते, न्यूरोमा म्हणतात, तिला धक्का लागला की कळ येते. माझ्या बॉक्सरला टॉवेलने पुसताना थोटकाला हात लागला की तो गर्रकन वळून तोंड आणायचा, बाकी अंगाला कुठेही हात लावा काही नाही, तेवढ्या एका जागी नाही. हे प्रत्येकाला होतं असं नाही. पण होऊ शकतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

स्वच्छतेचा मुद्दा मी फार धरत नाही, लांब केसांच्या कुत्र्याचे मागचे केस ट्रिम केले की झालं. पोहताना, वेगात वळताना शेपूट तोल सांभाळायला मदत करतं हेही खरं, पण कापलेली कुत्रीही मजेत पळतात, तेव्हा तो मुद्दा फार ताणायला नको. अख्ख्या शेपटीचा एक त्रास मात्र आहे, खूप पोहल्यावर किंवा थंडीत दमल्यावर शेपूट अचानक लुळं पडतं, लिंबर टेल, बघणारा घाबरतो, पण आराम दिला की बहुतेकदा काही दिवसांत नीट होतं.

कायदा देशादेशाला वेगळा आहे. नॉर्वेने १९८७ मध्येच बंदी आणली, इंग्लंडमध्ये २००७ पासून बंदी पण पोलीस, लष्कर, बचाव, शिकार अशा कामाच्या ठराविक कुत्र्यांना व्हेटच्या सर्टिफिकेटने सूट, तीही पिल्लू पाच दिवसांपेक्षा मोठं नसेल तरच. स्कॉटलंडने आधी सरसकट बंदी घातली आणि २०१७ मध्ये कामाच्या स्पॅनियल आणि पॉइंटर गटापुरती ती सैल केली, पण शेपटीचा जास्तीत जास्त एक तृतीयांशच भाग. मला हा तोडगा पटतो, कारण इजा शेंड्याला होते, मग बुंध्यापासून कापायचं कशाला? अमेरिकेत कायद्याने चालतं, तिथल्या केनेल क्लबचा, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थेचा, पाठिंबा आहे आणि तिथल्याच व्हेटरनरी असोसिएशनचा निव्वळ दिसण्यासाठी कापण्याला विरोध आहे, एकाच देशात दोन मतं. कुत्र्याला डॉग शोमध्ये उतरवायचं असेल तर तुमच्या इथला नियम आधी बघा, काही ठिकाणी कापलेल्याला बंदी असते, काही ठिकाणी न कापलेला मागे पडतो.

ज्यांना आखूड शेपटीचंच रूप आवडतं त्यांच्यासाठी एक मधला रस्ता आहे, काही जातींत जन्मतःच शेपूट आखूड असतं, पेंब्रोक कॉर्गी या आखूड पायांच्या जातीत तो जीन आहे, आणि ब्रिटनमध्ये ब्रूस कॅटनाक या जनुकशास्त्रज्ञाने कॉर्गीशी संकर करून तो बॉक्सरमध्ये आणला आणि काही पिढ्यांत पुन्हा बॉक्सरसारखा बॉक्सर मिळवला. फक्त असे दोन आखूड शेपटीचे एकमेकांशी लावायचे नाहीत, ज्या पिल्लाला दोन्हीकडून तो जीन मिळतो ते गर्भातच मरतं.

तर ठरवायचं कसं. घरात राहणारं कुत्रं असेल तर माझं उत्तर सरळ आहे, अख्ख्या शेपटीचं घ्या, ५०० पिल्लं कापून एक इजा वाचवण्यात मला काही अर्थ दिसत नाही. कुत्रं खरंच झुडपात काम करणार असेल, स्पॅनियल किंवा पॉइंटर असेल आणि कायदा परवानगी देत असेल, तर व्हेटकडून फक्त शेंडा काढून घेणाऱ्याला मी वाईट म्हणणार नाही. आधीच कापलेलं पिल्लू किंवा मोठं कुत्रं दत्तक मिळत असेल तर बिनधास्त घ्या, त्याने काही स्वतः कापून घेतलं नाहीये, फक्त थोटकाला हळूच दाबून बघा ते दचकतं का आणि नव्या कुत्र्यांशी ओळख सावकाश करून द्या. आणि मोठ्या, धडधाकट कुत्र्याचं शेपूट फक्त दिसायला बरं म्हणून काढायचा विचार कोणी करत असेल तर कृपा करून करू नका.

ब्रीडरशी बोलताना मोघम बोलू नका. मादी गाभण आहे कळलं की तेव्हाच सांगा, ॲडव्हान्स देताना मेसेजमध्ये लिहून घ्या की माझ्या पिल्लाचं शेपूट अख्खं हवं. काही जण पायाचं वरचं जास्तीचं नख काढताना त्याच बैठकीत शेपूटही उरकून टाकतात, म्हणून नखाचं आणि शेपटीचं वेगवेगळं विचारा, आणि पिल्लं झाल्याचा फोन आला की त्याच दिवशी पुन्हा एकदा आठवण करा, कारण हातात तीनच दिवस असतात.