नॉट्स बेरी फार्मचा सीझन पास: चौदा महिने वापरल्यावर, विशेषतः ऑक्टोबरबद्दल

गेल्या वर्षी सप्टेंबरात आम्ही कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्म या थीम पार्कचा सीझन पास घेतला. त्या सुमारास घेतलेला पास उरलेलं वर्ष आणि पुढचं पूर्ण वर्ष चालतो, त्यामुळे एकाच पासात दोन हॅलोवीन पदरात पडले. आम्ही सेरिटोसला राहतो, हे थीम पार्क आहे ब्युएना पार्क गावात, गाडीने वीसेक मिनिटांवर. आतापर्यंत अकरा खेपा झाल्या. आर्टिशियाला पायोनियर बुलेव्हार्डवर किराणा भरायला येणाऱ्या मराठी मैत्रिणी मला दर वेळी एकच विचारतात: ऑक्टोबरमध्ये लहान मुलांना तिथे नेऊ का गं, फार भीतीदायक असतं ना? त्याचं उत्तर नीट लिहावं म्हणून हा अनुभव.

आधी आमची चूक सांगते. पहिल्या वर्षी आम्ही शनिवारी दुपारी बारा वाजता निघालो. ऑक्टोबर म्हणजे थंडी असं डोक्यात होतं. सदर्न कॅलिफोर्नियात वाळवंटाकडून सँटा ॲनाचे वारे सुटले की ऑक्टोबरातही कडक ऊन पडतं, हे इतकी वर्षं इथे राहून मला ठाऊक होतं, तरी लेकीला जाड कापडाचा भोपळ्याचा पोशाख घातला. तासाभरात ती लालबुंद झाली. शिवाय कॅलेंडर पाहिलं नव्हतं. रात्रीच्या ‘स्केरी फार्म’च्या, म्हणजे भुतांनी घाबरवायच्या खेळाच्या दिवशी पार्क दिवसाच्या लोकांसाठी लवकर बंद होतं, आणि संध्याकाळी वेगळ्या तिकिटावर पुन्हा उघडतं. आमच्या हातात जेमतेम चार तास राहिले आणि ते रांगांत गेले. मुलगा परतीच्या वाटेवर रडला. त्या एका दिवसावरून मी ठरवून टाकलं होतं की ऑक्टोबर आपल्यासाठी नाही. बरं झालं, यंदा बाबा कुडाळहून सहा महिन्यांसाठी आले आणि पुन्हा जाणं झालं.

यंदा रविवारी सकाळी दार उघडायच्या आधी पोचलो. लेकीला सुती काळा फ्रॉक आणि डोक्यावर मांजरीचे कान, एवढाच पोशाख. सकाळचे पहिले दोन तास हेच खरं भांडवल, ते राइडच्या रांगेत उभं राहायला वापरा. दिवसाच्या या उत्सवाला ‘स्पूकी फार्म’ म्हणतात. तो साध्या प्रवेशात, म्हणजे पासातही येतो. मुलं पिशव्या घेऊन घोस्ट टाउनमधून, म्हणजे जुन्या खाणगावासारख्या भागातून, गोळ्या-चॉकलेटं गोळा करत फिरतात, कॅम्प स्नूपी या लहान मुलांच्या भागात कार्टूनमधला स्नूपी कुत्रा आणि मंडळी वेश करून भेटतात. कुणी अंगावर येत नाही. रात्री ज्यांत भुतं असतात त्या घरांची दारं दिवसा बंद असतात. बाहेरची कवट्यांची सजावट मात्र दिसते. माझी पाच वर्षांची मुलगी एका सापळ्यापाशी थबकली, माझा हात घट्ट धरला आणि मग स्वतःहूनच पुढे गेली. एवढी भीती मला तिच्यासाठी हवीच होती.

लॉग राइड 1969 सालची. ओंडक्याच्या आकाराच्या होडीतून डोंगराच्या पोटात जायचं आणि शेवटी पाण्यात घसरायचं. ऑक्टोबरात आतल्या लाकूडतोड्यांच्या देखाव्यांत भोपळे, भुतं आणि गाणी भरतात, तिला ‘हॅलोवीन हूटेनॅनी’ म्हणतात. आम्ही तीनदा बसलो. मला स्वतःला मात्र 1960 ची कॅलिको माइन राइड जास्त आवडते. खाणीतल्या आगगाडीतून अंधाऱ्या गुहांमधून जाताना ती हळू जाते, आणि हळू जाते म्हणूनच मुलांना सगळं दिसतं. या दोन्ही राइड एकाच माणसाने बांधल्या, बड हर्लबटने. घोस्टरायडर हा लाकडी रोलर कोस्टर 118 फूट उंच आणि जवळजवळ 1.4 किलोमीटर लांब आहे. मुलाने आणि नवऱ्याने तो केला, मी खाली उभी राहिले.

घोस्ट टाउनच्या बूट हिल स्मशानाबद्दल थोडं जास्त लिहिते. तिथे एक थडगं आहे, त्याच्या मातीवर पाय ठेवला की खालून हृदयाचे ठोके लागतात. सजावट काही नाही, पाटी आणि माती. लेकीने पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला, मग आजोबांना ओढत आणलं. बाबांनी चप्पल काढून अनवाणी पाय ठेवला. आपल्याकडे कुणाच्या समाधीवर चपलेने उभं राहत नाहीत, हे मला त्यांचं पाहून आठवलं.

बाबांना पार्कपेक्षा त्याची गोष्ट आवडली. वॉल्टर नॉट हा शेतकरी. ॲनाहाइमच्या रुडॉल्फ बॉयसनने सोडून दिलेली, मरायला टेकलेली बेरीची झुडपं त्याने आणून जगवली आणि फळाला बॉयसनचंच नाव दिलं. मंदीत, 1934 साली, त्याची बायको कॉर्डेलिया हिने आपल्या लग्नातल्या चिनी मातीच्या ताटांत आठ जणांना कोंबडीचं जेवण वाढलं, ताटाला 65 सेंट. गिऱ्हाईक इतकं वाढलं की लोक तासन्‌तास ताटकळायला लागले, आणि त्या थांबलेल्या लोकांचा वेळ जावा म्हणून वॉल्टरने 1940 पासून जुन्या खाणगावांतली घरं आणून घोस्ट टाउन उभारलं. म्हणजे अख्खं पार्क रांगेतून जन्माला आलं. आयुष्यभर आंब्याची कलमं बांधलेल्या माणसाला मरायला टेकलेलं झाड जगवणारा शेतकरी लगेच आपला वाटला. कोंबडीचं ते हॉटेल अजून आहे, दाराबाहेर, तिकिटाशिवाय जाता येतं. बॉयसनबेरीचा जॅम बाबा रोज चपातीला लावून खातात, करवंदासारखी आंबट चव आहे म्हणतात.

आता रात्रीबद्दल. ‘स्केरी फार्म’ पासात येत नाही, वेगळं तिकीट काढावं लागतं, पासवाल्यांना सवलत असते. तेरा वर्षांखालच्या मुलांना आणू नका असं पार्कच सांगतं, आणि ते मनापासून पाळा. रात्री पाहुण्यांना वेश करून येता येत नाही. आम्ही त्याच दिवशी दोन्ही करायचा हट्ट धरला नाही. दोन आठवड्यांनी नवरा मुलांजवळ राहिला आणि मी बाबांना घेऊन गेले. त्यांना जमेल का, ही धाकधूक होती. पण रात्रभर दशावताराचं नाटक बघून पहाटे घरी येणारा माणूस तो.

‘स्केरी फार्म’ 1973 पासून चालू आहे, 2020 चं वर्ष सोडून दर साल. थीम पार्कांमध्ये रात्रीचं हॅलोवीन रुजवलं ते यांनी. घोस्ट टाउन धुराने इतकं भरतं की चार हातांवरचं दिसत नाही. त्या धुरातून रंगवलेली भुतं येतात. काही जण धावत येऊन गुडघ्यांवर घसरतात, गुडघ्यांना आणि हातांना बांधलेल्या धातूच्या ठिणग्या फरशीवर उडतात. ही घसरण्याची कला याच पार्कात जन्मली. ती माणसं तुम्हाला हात लावत नाहीत, आणि आपणही लावायचा नाही. बाबा एका भिंतीला टेकून अर्धा तास फक्त तेच बघत उभे होते. एक जण काळ्या बुरख्यातून त्यांच्या कानापाशी येऊन ओरडला तेव्हा ते दचकले, हसले आणि मला म्हणाले, “हो तर आपलो संकासुर!” संकासुर म्हणजे दशावतारातला काळ्या वेशातला राक्षस. आणि मग घरी येईपर्यंत त्यांनी रंगभूषेबद्दलच बोलत राहावं: नाकाचा आकार कसा बदलला असेल, घामाने रंग ओघळत कसा नाही, इतक्या गर्दीत कोण घाबरेल हे या मुलांना आधीच कसं कळतं.

त्यांचं शेवटचं म्हणणं मीही नंतर पडताळून पाहिलं. खरंच, जो मान खाली घालून भराभर चालतो त्याच्याच मागे भूत लागतं. मेझमध्ये, म्हणजे चालत जायच्या अंधाऱ्या घरांत, मी अशीच चालत होते. दोन मेझनंतर मला पुरे झालं, उरलेला वेळ धुरातल्या रस्त्यावर काढला आणि त्याचं वाईट वाटलं नाही. वय झालेल्या माणसाला न्यायचं असेल तर त्यांच्या हृदयाचा, गुडघ्यांचा आणि चमकणाऱ्या दिव्यांचा विचार आधी करा. चालणं पुष्कळ होतं.

पासाचे पैसे वसूल झाले का? आम्ही जवळ राहतो म्हणून झाले. दोन-तीन तासांसाठी जाऊन चार राइड करून जेवायला घरी येता येतं, तेव्हाच या पासाला अर्थ आहे. लांबून येणार असाल तर दिवसाचं तिकीट काढा, सकाळी या. पास घेताना पार्किंग त्यात धरलेलं आहे का, हे मात्र नीट बघून घ्या.

पुढच्या वर्षाचा पास घेतला आहे. मुलगा दहाचा आहे, रात्री यायचंच म्हणतो. त्याला सांगितलंय, तेरा पूर्ण होऊ देत. तोवर ऑक्टोबरातले रविवार सकाळचे.