तिळारीचा कालवा की नदीवरचा बंधारा?

गोव्यातल्या पेडणे-डिचोलीत वायंगणी (पावसाळ्यानंतरचं) भात किंवा भाजीपाला करणाऱ्यांपुढे पाण्याच्या दोन वाटा आहेत.

तिळारी धरण दोडामार्गात, महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त प्रकल्प. कालव्याचं पाणी गोडं, समुद्राच्या भरतीपासून दूर. उताराने येतं, त्यामुळे कालव्याखालच्या शेताला पंपाचा खर्च नाही. पण कालवा कुठे फुटला किंवा दुरुस्तीला बंद झाला, की खालच्या सगळ्यांचं पाणी एकदम तुटतं. शिवाय हेच पाणी अस्नोडा आणि चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पांनाही लागतं. टंचाईत नळ आधी, शेत मागून. ते योग्यच आहे, पण पीक तोवर थांबत नाही.

बंधाऱ्याचं पाणी गावाच्या हातात. पावसाळा सरला की पाणी अडवायला बंधाऱ्यात फळ्या बसवायच्या, पावसाआधी काढायच्या. आजूबाजूच्या विहिरींनाही पाझर मिळतो, आणि हा फायदा मला फार मोठा वाटतो. मात्र फळ्या उशिरा बसल्या तर नदीचा प्रवाह निसटून गेलेला असतो. आणि खाडीच्या जवळ असाल तर खारेपणाचं बघाच. पाण्याची विद्युतवाहकता (खारेपणाचं माप) दर मीटरला ०.७ डेसिसीमेन्सच्या आत असेल तर बिनधास्त वापरा. ३ च्या वर गेली तर ते पाणी बहुतेक पिकांना घालू नये. एप्रिल-मे महिन्यांत मोजून घ्या, चवीवर विसंबू नका. खाणपट्ट्याखाली गाळही येतो, त्याने मातीचा वरचा थर घट्ट होतो.

माझं मत: वरच्या अंगाला बंधारा असेल तर आधी तोच सांभाळावा, कालवा जोडीला. खाडीकाठी मात्र कालव्याचंच पाणी धरावं.