शासनसंस्था आणि गव्हर्नन्स: प्रशासनाच्या दोन कल्पना

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी वर्णन केलेल्या नोकरशाहीत अधिकार वरून खाली उतरतो, निर्णय लेखी नियमांवर आधारलेले असतात आणि चूक झाल्यास जबाबदार अधिकारी शोधायला फार लांब जावे लागत नाही. गव्हर्नन्सची कल्पना याहून व्यापक आहे. जागतिक बँकेने सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेविषयीच्या 1989 च्या अहवालात ‘गव्हर्नन्सचे संकट’ असा शब्दप्रयोग केला, आणि पुढे हा शब्द विकासाच्या चर्चेत रुळला. गव्हर्नन्सच्या कल्पनेत सरकार, खासगी कंपन्या, स्वयंसेवी संस्था आणि नागरिक यांचे जाळे मिळून सेवा पुरवते. लवचिकता हे तिचे खरे बलस्थान. परंतु पाणीपुरवठ्याचे कंत्राट कंपनीकडे गेले आणि नळ कोरडा पडला, तर दाद कोणाकडे मागायची? कंपनी कराराकडे बोट दाखवते, विभाग नियामकाकडे, आणि मतदाराला ज्याला जाब विचारता येतो तो लोकप्रतिनिधी या साखळीत सापडतच नाही. माझ्या मते हा दोष किरकोळ नाही. म्हणूनच करवसुली आणि पोलीस यांसारख्या, सक्तीचा अधिकार वापरणाऱ्या कामांत मी जुनी उतरंडच पसंत करेन. सार्वजनिक आरोग्यात मात्र, जिथे लोकसहभागाशिवाय योजना कागदावरच राहते, गव्हर्नन्सची रीत अधिक फलदायी ठरते.